निवेदकाचे वय आणि नवोदिताची उमेदवारी : मराठीतील कुमारवयीन कथनाचा एक विचार

सारांश

शाळकरी वयावर कादंबरी लिहिणे ही नवोदित कादंबरीकाराला सोपी सुरुवात वाटते. ‘श्यामची आई’, ‘वनवास’ आणि ‘शाळा’ या तीन मराठी कलाकृतींच्या वाचनातून या समजुतीची तपासणी प्रस्तुत निबंधात केली आहे. तुलनेसाठी एस. ई. हिंटन यांच्या ‘द आउटसायडर्स’ या अमेरिकन कादंबरीचा आधार घेतला आहे. कुमारवयीन कथनाचे यश लेखकाच्या आठवणींच्या विपुलतेपेक्षा निवेदकाला काय कळत नाही याच्या काटेकोर आखणीवर अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : कुमारसाहित्य, निवेदक, कथनातील अंतर, उद्दिष्ट वाचक, नवोदित कादंबरीकार.

१. प्रास्ताविक

कादंबरी लिहू इच्छिणाऱ्या तरुणाला स्वतःचे शाळकरी वय सर्वांत जवळचे वाटते. त्या वयातील मित्र, शिक्षक, पहिले आकर्षण, परीक्षेची भीती आणि घरातील ताणतणाव हे सारे त्याच्या स्मरणात ताजे असते. त्यासाठी इतिहासाची साधने धुंडाळावी लागत नाहीत की परक्या समाजाचा अभ्यास करावा लागत नाही. त्यामुळे मोठ्या कादंबरीकडे जाण्यापूर्वीची उमेदवारी म्हणून या विषयाकडे पाहिले जाते. लहानांचे लेखन म्हणजे सोपे लेखन, हा आपल्याकडील जुना समज या दृष्टीला बळ देतो.

मराठीतील पुरावा मात्र याच्या उलट आहे. साने गुरुजींनी (१८९९–१९५०) ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, तेव्हा त्यांचे वय ३३ होते. मिलिंद बोकील (जन्म १९५७) यांची ‘शाळा’ २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ते सत्तेचाळिशीत होते. प्रकाश नारायण संत (१९३७–२००३) यांचा ‘वनवास’ १९९४ मध्ये आला, तेव्हा त्यांनी पंचावन्नी ओलांडली होती. मराठी वाचकाने आपली मानलेली कुमारवयाची ही तीन चित्रे, त्या वयापासून बरेच दूर गेलेल्या आणि भाषेवर हुकूमत मिळवलेल्या लेखकांनी रेखाटलेली आहेत. असे का व्हावे, आणि आज लिहू पाहणाऱ्याने त्यातून काय घ्यावे, हे दोन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

२. संज्ञेचा प्रश्न : ‘विषयी’ आणि ‘साठी’

बालसाहित्य, किशोरसाहित्य आणि कुमारसाहित्य या संज्ञा मराठीत बऱ्याचदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. आठ वर्षांच्या मुलाची गोष्ट आणि पंधरा वर्षांच्या मुलाची कादंबरी एकाच कपाटात ठेवली जाते. पाठ्यपुस्तक मंडळाने १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केले, त्यामुळे शाळकरी वाचकाला हक्काचे नियतकालिक मिळाले. परंतु कादंबरीच्या क्षेत्रात असा स्वतंत्र प्रवाह ठळकपणे उभा राहिला नाही.

साहित्य अकादमीच्या पुरस्कारांची रचना या संदर्भात उद्बोधक आहे. अकादमीने २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार आणि २०११ पासून युवा पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. पहिल्या पुरस्कारातील ‘बाल’ हा शब्द वाचकाचे वय सांगतो. दुसऱ्यातील ‘युवा’ हा शब्द लेखकाचे, म्हणजे ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकाचे, वय सांगतो. तरुण वाचकासाठी लिहिलेल्या साहित्याला या दोहोंमध्ये स्वतःचे नाव मिळत नाही. अमेरिकेत ग्रंथालय संघटनेच्या वतीने २००० पासून दिला जाणारा प्रिंट्झ पुरस्कार मुख्यतः बारा ते अठरा या वयाचा वाचक नजरेसमोर ठेवतो. तेथे हा वाचक प्रकाशन, ग्रंथालय आणि समीक्षा या तिन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे ओळखला गेला आहे.

या पार्श्वभूमीवर कुमारांविषयीचे साहित्य आणि कुमारांसाठीचे साहित्य असा भेद करणे आवश्यक ठरते. भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे हा निःसंशय मुलांसाठी आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो, ‘ट्टॉक’ असा आवाज काढतो आणि संकटातून सुटतो. साहसामागून साहस येते. परंतु नायकाच्या अंतरंगात वयाबरोबर येणारी उलथापालथ हा त्या मालिकेचा विषय नव्हे. ‘वनवास’ आणि ‘शाळा’ यांत ही उलथापालथ केंद्रस्थानी आहे. पण ही पुस्तके प्रौढ वाङ्मयाच्या प्रवाहात प्रसिद्ध झाली आणि त्यांची चर्चाही तेथेच झाली. बाह्य साहस मुलांसाठी आणि आंतरिक खळबळ मोठ्यांसाठी, अशी ही नकळत झालेली वाटणी आहे. फास्टर फेणेचे वय मागे टाकलेला वाचक पुष्कळदा थेट ‘ययाति’ किंवा ‘मृत्युंजय’कडे वळतो. मधल्या वर्षांत त्याच्या स्वतःच्या आयुष्याला सन्मुख होणारी कादंबरी त्याच्या हाती क्वचितच पडते. नवोदित लेखकासमोरची खरी संधी या रिकाम्या जागेत आहे.

३. तीन निवेदक, तीन अंतरे

३.१ ‘श्यामची आई’ (१९३५)

या ग्रंथात कथनाचा प्रसंग स्पष्टपणे उभारलेला आहे. आश्रमातील मित्रांना प्रौढ श्याम रात्रीच्या वेळी आपल्या आईच्या आठवणी सांगतो. ४२ रात्रींची ही विभागणी केवळ सोयीची नाही. सांगणारा श्याम आणि अनुभवणारा श्याम या दोन व्यक्ती आहेत, याचे भान ती वाचकाला सतत देते. पोहायला जाण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई मारून बाहेर काढते, हा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. लहान श्यामला त्या क्षणी विहिरीची भीती आणि पाठीवरचा मार एवढेच कळते. त्या मारामागील माया सांगणाऱ्या श्यामला कळलेली असते. प्रसंग आणि त्याचा अर्थ यांच्यामध्ये वर्षांचे अंतर आहे आणि ते भरून काढण्याचे काम प्रौढ निवेदक करतो.

या पद्धतीचे सामर्थ्य तिच्या प्रामाणिकपणात आहे. आपण मोठे होऊन बोलत आहोत, हे निवेदक लपवत नाही. अर्थ सांगण्याचा अधिकार त्याला श्रोत्यांच्या उपस्थितीमुळे मिळतो. शिवाय ज्या आईविषयी तो बोलतो ती आता हयात नाही, या वस्तुस्थितीमुळे त्याच्या उपदेशाला पश्चात्तापाची धार येते. पुढील काळात अनेकांनी यातील संस्काराचा भाग उचलला आणि कथनाचा प्रसंग मात्र सोडून दिला. बारा वर्षांच्या निवेदकाच्या तोंडी चाळिशीतील शहाणपण घालणाऱ्या कथा या अर्धवट अनुकरणातून निर्माण होतात. साने गुरुजींनी जे शहाणपण मोठ्या श्यामला दिले होते, ते या कथांत लहान मुलाला चिकटवले जाते आणि म्हणून खोटे वाटते.

३.२ ‘वनवास’ (१९९४)

संतांच्या लंपनकथांत हे दुहेरी अंतर जवळजवळ पुसले गेले आहे. आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांच्या घरी राहणारा लंपन स्वतःच बोलतो. पुढे येऊन अर्थ सांगणारा प्रौढ येथे नाही. आपल्या दूर राहण्याचे संपूर्ण कारण लंपनला उलगडत नाही. त्याला जाणवतो तो केवळ विरह. सुमीविषयी वाटणाऱ्या ओढीलाही त्याच्याजवळ नाव नाही. त्याला जे सांगता येत नाही ते वाचकाला दिसते, आणि कथेतील करुणा या दोहोंमधील अंतरातून उत्पन्न होते.

हे साधले आहे ते भाषेमुळे. बेळगाव परिसरातील कानडी वळणाची मराठी, घरातील जुन्या वळणाचे शब्द, शाळेत उचललेला आणि कोठेही वापरता येणारा ‘मॅड’ हा शब्द, यांतून लंपनचे मन घडते. ‘मॅड’ हा एकच शब्द आनंद, आश्चर्य, भीती आणि गोंधळ या साऱ्यांसाठी येतो, कारण भावना वेगवेगळ्या करून त्यांना नावे देण्याचे वय अजून आलेले नाही. शब्दांची ही तुटपुंजी शिदोरी लेखकाची मर्यादा नव्हे. ती अत्यंत विचारपूर्वक केलेली निवड आहे. भूगर्भशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या आणि कवयित्री इंदिरा संत यांच्या घरात जन्मलेल्या या लेखकाकडे शब्दांची वाण नव्हती. आपल्याजवळचे शब्द निवेदकाला न देण्याचा संयम त्यांनी पाळला.

लेखनाच्या आकृतिबंधाच्या दृष्टीनेही ‘वनवास’ नवोदिताला उपयुक्त आहे. स्वतंत्र वाचता येतील अशा कथा एका निवेदकाच्या सूत्रात ओवल्या गेल्या आणि त्यातून चार पुस्तकांचा एक सलग अनुभव उभा राहिला. पहिल्याच प्रयत्नात दीर्घ कथानक पेलवत नसल्यास आवाज स्थिर करण्याचा हा एक खात्रीचा मार्ग आहे.

३.३ ‘शाळा’ (२००४)

बोकिलांचा मुकुंद जोशी नववीत आहे. मित्रांचे टोळके, बांधकाम अपुरे राहिलेल्या इमारतीतील त्यांचा अड्डा, कोण कोणाला ‘लाईन’ देतो याच्या चर्चा आणि शिरोडकर या वर्गभगिनीविषयीचे आकर्षण असा हा अनुभव आहे. लंपनपेक्षा मुकुंद मोठा आहे. आपल्याला काय वाटते हे त्याला कळते. ते कसे सांगावे आणि त्याचे पुढे काय करावे हे कळत नाही. घरातील मोठ्यांपैकी नरूमामा त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतो. उपदेश करणाऱ्या प्रौढाची जागा येथे ऐकून घेणाऱ्या प्रौढाने घेतली आहे.

या कादंबरीचा काळ आणीबाणीचा (१९७५–७७) आहे. १९५७ मध्ये जन्मलेले बोकील आणीबाणी जाहीर झाली तेव्हा नववीचे वय ओलांडून गेलेले होते. मुकुंद आणि त्याचा लेखक यांच्यात तीन-चार वर्षांचे अंतर आहे. हे अंतर लहान दिसले तरी समीक्षेच्या दृष्टीने निर्णायक आहे. ‘शाळा’ वाचून ‘हे तर लेखकाचेच बालपण’ असे म्हणण्याचा मोह होतो; तथापि नववीतील मुलगा आणि आणीबाणी यांचे एकत्र येणे हे केवळ स्मरणातून आलेले असू शकत नाही. ती रचना आहे. मोठ्यांच्या जगात बोलण्यावर बंधने आली असताना एका मुलाला आपल्या मनातील एक गोष्ट बोलता येत नाही, असे हे समांतर चित्र आहे. मुकुंद या समांतराचा उच्चार करीत नाही, कारण त्याच्या वयाला ते दिसणे शक्य नाही. राजकीय आशय त्याच्या अपुऱ्या आकलनातूनच वाचकापर्यंत पोहोचतो.

कादंबरीचा शेवटही याच शिस्तीत बसतो. शिरोडकर गाव सोडून जाते आणि मुकुंदापुढे दहावीचे वर्ष उभे राहते. कोणताही धडा काढला जात नाही. वाढणे ही घटना येथे पूर्ण होत नाही. एक वर्ष तेवढे संपते.

४. सोळाव्या वर्षीची लेखिका : एक तुलना

वरील तिन्ही उदाहरणांवरून कुमारवयाची कादंबरी प्रौढ वयातच लिहिता येते, असा निष्कर्ष कोणी काढील. त्याला मोठा अपवाद अमेरिकेत आहे. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात १९४८ मध्ये जन्मलेल्या एस. ई. हिंटन यांनी पंधराव्या वर्षी ‘द आउटसायडर्स’ लिहावयास घेतली. बराचसा मजकूर सोळाव्या वर्षी लिहून झाला आणि १९६७ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. अमेरिकेतील आधुनिक कुमार-कादंबरीच्या इतिहासात या पुस्तकाला प्रारंभबिंदूचे स्थान दिले जाते. मुलाच्या निवेदनातील कादंबरी स्त्रीने लिहिली आहे हे कळल्यास परीक्षक ती गांभीर्याने घेणार नाहीत, या शंकेने नावाची आद्याक्षरे तेवढी छापली गेली.

गरीब आणि सधन वस्तीतील मुलांच्या टोळ्यांचा संघर्ष सांगणारा पोनीबॉय हा निवेदक चौदा वर्षांचा आहे. आपण वाचत असलेले पुस्तक हा त्याने शाळेच्या इंग्रजीच्या तासासाठी लिहिलेला निबंध आहे, हे अखेरीस उघड होते. मित्रांच्या मृत्यूनंतर त्याला लिहिण्याची निकड भासते आणि शाळा त्या निकडीला निमित्त पुरवते. हिंटन यांच्यापाशी प्रौढ वयाचे अंतर नव्हते. ते त्यांनी दोन मार्गांनी निर्माण केले : निवेदक आपल्याहून लहान आणि भिन्न लिंगाचा निवडला, आणि त्याच्या लेखनाला कथेच्या आतच कारण दिले. श्यामला आश्रमातील श्रोते आहेत, पोनीबॉयला शाळेचा निबंध आहे. कथनाला प्रसंग हवा, ही गरज दोन्ही ठिकाणी ओळखली गेली आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आवश्यक असलेले अंतर वर्षांचेच असले पाहिजे असे नाही. ते रचनेतून निर्माण करता येते, आणि म्हणूनच तरुण लेखकाला हा प्रकार वर्ज्य नाही. मराठीत भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ (१९६३) वयाच्या पंचविशीत प्रसिद्ध केली. ती कुमारांसाठीची कादंबरी नसली, तरी लेखकाच्याच वयाचा निवेदक उपरोधाच्या साहाय्याने स्वतःपासून किती दूर उभा राहू शकतो, याचे ते ठळक उदाहरण आहे.

५. नवोदितासाठी वाचनाची दिशा

नवोदित लेखक अशा कादंबऱ्या बहुधा ओळखीच्या आनंदासाठी वाचतो. ‘आमच्या वर्गातही असेच होते’ ही प्रतिक्रिया वाचक म्हणून स्वाभाविक आहे. लेखक म्हणून ती अपुरी आहे. या निबंधातील विवेचनावरून वाचनाच्या वेळी चार प्रश्न सोबत ठेवणे उपयुक्त ठरेल.

पहिला प्रश्न : निवेदकाला काय माहीत नाही आणि ते वाचकाला कोणत्या मार्गाने कळते? दुसरा : निवेदकाची शब्दसंपत्ती कोठे संपते? ‘एकटेपणा’, ‘अस्तित्व’, ‘हुरहूर’ असे शब्द नववीतील मुलाच्या तोंडी येऊ लागले की लेखक स्वतः बोलू लागला आहे, असे समजावे. तिसरा : कथेतील प्रौढ व्यक्ती कशासाठी आहेत? त्या केवळ अडथळे किंवा केवळ आदर्श असतील, तर मुलांचे जगही सपाट होते. चौथा : शेवट कोणाच्या समाधानासाठी आहे? पालक आणि शिक्षक यांना निर्धास्त करणारा शेवट आणि पात्राच्या वयाला शक्य असणारा शेवट हे नेहमी एकच असत नाहीत.

या प्रश्नांना आणखी एका उणिवेची जोड द्यावी लागते. येथे विचारात घेतलेले सर्व निवेदक मुलगे आहेत. ‘शाळा’तील नायिका वर्गाच्या रिवाजाप्रमाणे प्रामुख्याने आडनावानेच ओळखली जाते, आणि तिच्या मनात काय चालले आहे हे मुकुंदाच्या तर्काबाहेर वाचकाला समजत नाही. निवेदकाच्या मर्यादेशी हे सुसंगत आहे. तेवढ्यासाठी बोकिलांना दोष देता येणार नाही. परंतु शिरोडकरने सांगितलेले तेच वर्ष कसे असेल, हा प्रश्न कादंबरी मिटवल्यावरही उरतो. अमेरिकेत ज्युडी ब्लूम यांनी १९७० मध्येच मार्गारेट या मुलीच्या निवेदनातून मासिक पाळी आणि देवाविषयीचे कुतूहल हे विषय मांडले. त्या पुस्तकाला शालेय ग्रंथालयांत विरोधही सोसावा लागला. मराठीत मुलीच्या तोंडून आलेल्या अशा कथनाला लंपन किंवा मुकुंदाइतकी सर्वपरिचित ओळख लाभलेली नाही. लिहू इच्छिणाऱ्या तरुणींसमोर ही जागा मोकळी आहे.

ग्रामीण आश्रमशाळा, महानगरातील वस्ती, इंग्रजी माध्यमातून शिकणारे आणि घरी मराठी बोलणारे घर, अशी इतर जगेही आपापल्या निवेदकांच्या प्रतीक्षेत आहेत. या मुलांची बोली प्रमाण मराठीपेक्षा वेगळी आहे. तिच्यात हिंदी आहे, इंग्रजी आहे, आदिवासी बोलींचे शब्द आहेत. लंपनच्या कानडीमिश्रित मराठीने सिद्ध केले ते हे की अशी भाषा वाचकाला अडवत नाही. निवेदकावर विश्वास ठेवण्यास ती वाचकाला प्रवृत्त करते. संपादनाच्या टप्प्यावर ती ‘शुद्ध’ करण्याचा आग्रह धरला गेला, तर निवेदकाचे वय आणि गाव ही दोन्ही पुसली जातील.

६. उद्दिष्ट वाचकाचा प्रश्न

अखेरचा प्रश्न लेखनाच्या नीतीशी निगडित आहे. प्रौढ वाचकाला कुमारवयाची कथा स्मरणरंजनाचे सुख देते. ‘शाळा’वर सुजय डहाके यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट, आदित्य सरपोतदार यांचा ‘फास्टर फेणे’ (२०१७) आणि लंपनवरील २०२४ मधील वेबमालिका यांचा प्रेक्षक काही अंशी आपले हरवलेले वय शोधणारा होता. हे सुख निंद्य नाही. परंतु चौदा वर्षांच्या वाचकाला त्या वयाविषयी हळहळ वाटत नाही. तो ते वय जगत असतो आणि त्यातून बाहेर कसे पडावे याच्या विवंचनेत असतो. स्मरणरंजनासाठी लिहिलेले वाक्य आणि या वाचकासाठी लिहिलेले वाक्य यांत म्हणूनच मूलभूत फरक पडतो. पहिले मागे वळून पाहते आणि दुसऱ्याला पुढचे काहीच दिसत नसते.

भारत सासणे यांच्यासारख्या प्रौढ साहित्यात मान्यता पावलेल्या कथाकाराने मुलांसाठी कादंबरी लिहिली आणि ‘समशेर आणि भूतबंगला’ या कादंबरीला २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार लाभला. हे क्षेत्र उमेदवारीपुरते नाही, याची ही पावतीच म्हणावी लागेल.

७. निष्कर्ष

१) शाळकरी वयाच्या आठवणी ही कुमार-कादंबरीची कच्ची सामग्री होय. निवेदकाच्या आकलनाच्या मर्यादा आखल्याशिवाय तिला कादंबरीचे रूप येत नाही.

२) ‘श्यामची आई’त हे अंतर कथनाच्या प्रसंगाने, ‘वनवास’मध्ये भाषेने आणि ‘शाळा’मध्ये काळ व निवेदक यांच्या जुळणीने साधले आहे. ‘द आउटसायडर्स’ हे अंतर तरुण लेखकालाही निर्माण करता येते असे दाखवते.

३) कुमारांविषयी आणि कुमारांसाठी हा भेद लेखनापूर्वीच स्पष्ट होणे आवश्यक आहे, कारण वाक्याची घडण, प्रौढ पात्रांचे स्थान आणि शेवट हे सर्व त्यावर ठरते.

४) मुलीचे निवेदन, प्रमाणेतर बोली आणि आजचे बदललेले शालेय जीवन ही क्षेत्रे मराठीत बव्हंशी मोकळी आहेत.

नवोदित कादंबरीकाराने हा प्रकार सोपा म्हणून निवडला, तर त्याच्या हाती आठवणींची वही लागेल. आपल्याला आज जे कळते ते निवेदकापासून दूर ठेवण्याची तयारी असेल, तर त्याला कादंबरी सापडण्याची शक्यता आहे. आणि नववीच्या वर्गात बसलेल्या एखाद्या वाचकाला, मोठ्यांनी मागे वळून लिहिलेल्या नव्हे, तर त्याच्या बरोबरीने चालणाऱ्या पुस्तकाची सोबत लाभेल.